जुन्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम: आधी ओळख पटवा, मग स्क्रू सोडवा

दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सुरू करा आणि टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर २० टक्क्यांच्या आसपास निवांत असतो आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के लाल झालेले असतात. लॅपटॉप का रखडतोय ते एवढ्यातच कळतं. असे लॅपटॉप भंगारात जाताना बघवत नाहीत, कारण त्यातले बहुतेक फक्त एका सुट्या भागापायी अडलेले असतात.

तो भाग म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघावी लागते आणि त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेला एक छोटा तुकडा वाचायला १७-१८ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडी चिपवर साठवते, तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. खोक्यावर ‘सेकंदाला ५५० एमबी’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण रोजच्या कामात फरक पडतो तो या वाट बघण्याच्या वेळेमुळे. म्हणूनच सॅटा २ पोर्टच्या (सॅटा म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत), म्हणजे सेकंदाला साधारण २७०-२८० एमबीवर अडणाऱ्या जुन्या मशीनमध्येही एसएसडी टाकणं पूर्णपणे फायद्याचं ठरतं.

रॅम म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती जागा. तिचं गणित वेगळं आहे. ४ जीबी रॅममधली जवळपास २ जीबी विंडोज १० स्वतःच अडवून बसते. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की जागा संपते आणि उरलेला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये जाऊ लागतो. डिस्क फिरणारी असेल तर मशीन अक्षरशः गोठतं. एसएसडी असेल तर नुसतं अडखळतं. म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी घ्या. त्यानंतर ४ ची ८ जीबी करा. ८ ची १६ करायची की नाही हे अंदाजाने ठरवू नका. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा आणि ‘कमिटेड’ हा आकडा बघा. तो बसवलेल्या रॅमपेक्षा सतत जास्त राहत असेल तर रॅम हवी आहे. बराच कमी असेल तर ते पैसे नव्या बॅटरीसाठी ठेवा.

ओळख पटवणं

चुकीचा भाग घरी येतो तो जवळजवळ नेहमी घाईमुळे. लॅपटॉपच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली आतून वेगळी असलेली चार-पाच मशीनं विकली जातात. मग सीपीयू-झेड हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर चालवा. त्याच्या ‘मेमरी’ आणि ‘एसपीडी’ या पानांवर रॅमचा प्रकार, वेग आणि बसवलेल्या पट्ट्या दिसतात. टास्क मॅनेजरही किती स्लॉट भरलेत ते सांगतो. मात्र काही लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम मदरबोर्डवर झाळलेली असते आणि तीही ‘भरलेला स्लॉट’ म्हणून दिसते. तिथे एकच पट्टी बदलता येते. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरचं हार्डवेअर मॅन्युअल उतरवून त्यातलं रॅमचं पान वाचणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर३च्या पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ला २६०. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. खरी गफलत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये. दोन्ही दिसायला सारख्या, खाच तीच, पिना तेवढ्याच. पण साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि एल असलेली १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच लागते. त्यांत १.५ची पट्टी टाकली की बहुधा स्क्रीन काळी राहते आणि माणूस लॅपटॉप मेला म्हणून घाबरतो. उलट दिशेने अडचण येत नाही, कारण एल पट्टी १.५ व्होल्टवरही चालते. त्यामुळे शंका असेल तर पट्टीच्या लेबलवर ‘पीसी३एल’ असं लिहिलेलीच घ्या, दोन्हीकडे चालेल.

वेग जुळला नाही तर काही बिघडत नाही. १६००ची पट्टी १३३३च्या शेजारी बसवली की दोन्ही १३३३वर चालतात. आकारमानाचा विचार मात्र करा. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. ज्या लॅपटॉपना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, म्हणून तिथे हा फरक व्हिडिओत आणि स्क्रोल करताना जाणवतो. ४ आणि ८ अशी जोडी असेल तर इंटेलच्या मशीनमध्ये पहिल्या ८ जीबीला हा दुहेरी फायदा मिळतो, उरलेल्या ४ला नाही. तेही चालण्यासारखं आहे. चांगली ४ जीबीची पट्टी केवळ जोडी जमवायला काढून टाकू नका.

आता एसएसडी. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा अडीच इंची सॅटा लागते. तिची जाडी ७ मिलिमीटर असते. जुन्या काही डिस्क ९.५ मिलिमीटरच्या असायच्या. अशा कप्प्यात नवी एसएसडी सैल बसते, तेव्हा सोबत येणारी अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट चिकटवा. नाहीतर प्रवासातल्या हादऱ्यांनी कनेक्टरवर ताण येतो. २०१५ नंतरच्या मशीनमध्ये एम.२ स्लॉट असू शकतो आणि इथे पैसे वाया जायची शक्यता सगळ्यात जास्त. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यातून सॅटा जाते की एनव्हीएमई (सॅटाहून वेगवान, नवी पद्धत), की दोन्ही, हे मदरबोर्ड ठरवतो. दोन खाचा असलेली एसएसडी साधारणपणे सॅटा असते, एक खाच असलेली बहुधा एनव्हीएमई. सॅटाच बोलणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसू शकते, स्क्रूसुद्धा लागतो, आणि बायोसमध्ये (विंडोजआधी चालणाऱ्या, मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) ती कधीच दिसत नाही. लांबीही बघा: २२८० म्हणजे ८० मिलिमीटर, २२४२ म्हणजे ४२.

खरेदी

२४० जीबी आज अपुरी पडते. ४८० किंवा ५०० घ्या. ५०० जीबीला विंडोज ४६५ जीबी म्हणून दाखवेल, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. टिकाऊपणासाठी टीबीडब्ल्यू हा आकडा बघा, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या ५०० जीबीला तो ३०० आहे, क्रुशियल एमएक्स५००च्या ५०० जीबीला १८०, त्याच कंपनीच्या स्वस्त बीएक्स५००च्या ४८० जीबीला १२०. रोज २० जीबी लिहिलं, जे घरगुती वापरात खूप झालं, तरी १२० टेराबाइट संपायला सोळा वर्षं लागतात. त्यामुळे आकड्यासाठी महागडी घेण्यात अर्थ नाही. स्वस्त एसएसडीत स्वतंत्र डीरॅम (हिशेब ठेवायची जलद मेमरी) नसते, म्हणून एकदम ५०-६० जीबी कॉपी करताना ती दमते. पण हार्ड डिस्कच्या तुलनेत ती तरीही खूप पुढे असते.

ऑनलाइन बाजारात अविश्वसनीय स्वस्तात ‘१६ टीबी’ एसएसडी दिसतात. त्यांच्या आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. जागा संपली की नवीन फाइल जुन्यावर लिहिली जाते आणि फोटो गेल्याचं सहा महिन्यांनी कळतं. अनोळखी ब्रँडची काहीही घेतली तर एच२टेस्टडब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून तपासा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर डीडीआर३च्या वापरलेल्या पट्ट्या सहज मिळतात आणि रॅमच्या बाबतीत वापरलेली घ्यायला हरकत नाही, फक्त चाचणीनंतर बदलून देण्याची बोली आधी करून घ्या. वापरलेली एसएसडी मात्र टाळा.

क्लोन की नवं इन्स्टॉलेशन

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा आणि ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी वाचा. सी५समोर शून्याहून जास्त आकडा असेल तर डिस्कवर काही जागा वाचता येत नाहीत. अशी डिस्क क्लोन करायला, म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायला घेतली तर ४० टक्क्यांवर तासन्‌तास अडकते, आणि त्या ओढाताणीत उरलेलीही जाऊ शकते. तिच्यावरून आधी फोटो आणि कागदपत्रं हाताने उचला, बाकी सगळं नंतर.

डिस्क धडधाकट असली तरी नव्याने विंडोज टाकणंच बरं. दहा वर्षांचा साचलेला कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? परवान्याची काळजी नको: विंडोज ८ आणि त्यापुढच्या तयार लॅपटॉपची परवाना-की (कोड) बायोसमध्येच असते, आणि विंडोज १०चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. डिस्क बदलली तरी इंटरनेट जोडलं की ते सक्रिय होतं. इन्स्टॉल करताना तीच आवृत्ती निवडा, होमच्या जागी प्रो टाकलं तर जुळणार नाही.

बॅकअप घेताना मराठीत काम करणाऱ्यांची एक गोष्ट हमखास राहते. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली त्या फॉन्टशिवाय नुसती चिन्हं दाखवतात. म्हणून ‘विंडोज’मधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्या. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही, प्रोग्रॅममध्ये त्याचा पत्ता बघून घ्या. आउटलुकची पीएसटी फाइल आणि ब्राउझरचे साठवलेले पासवर्डही लक्षात ठेवा.

क्लोनच करायची असेल तर क्लोनझिला फुकट आहे आणि भरवशाचंही. पण १ टीबीवरून ४८० जीबीवर ते सरळ जात नाही. आधी सी ड्राइव्ह आणि शेवटचे भाग आकसून सगळं ४४० जीबीच्या आत आणावं लागतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो बंद करा, किंवा निदान रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एसएसडी यूएसबी केबलने जोडून क्लोन करत असाल तर एक अवघड अडचण माहीत असू द्या: काही यूएसबी केस डिस्कला ४०९६ बाइटचे सेक्टर असल्याचं भासवतात. बाहेर सगळं नीट दिसतं, पण तीच एसएसडी आत बसवली की ५१२चे सेक्टर दिसतात आणि पार्टिशन ओळखू येत नाही. तेव्हा दोष एसएसडीचा नसतो. ती आत बसवा आणि जुनी डिस्क यूएसबीवर घेऊन पुन्हा क्लोन करा.

उघडताना

विंडोजमधलं नेहमीचं ‘शट डाउन’ पूर्ण बंद करत नाही, ‘फास्ट स्टार्टअप’साठी थोडी अवस्था डिस्कवर ठेवून देतं. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवणं. टचपॅड वर आला असेल किंवा झाकणाला फुगवटा असेल तर बॅटरी फुगलेली आहे. मग बाकी काही करू नका, आधी ती बदला. तिला टोकदार काही लावू नका.

स्थिर विजेची भीती खरी आहे, पण त्यासाठी मनगटी पट्टाच हवा असं नाही. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा लोकरीचे कपडे आणि गालिचा टाळा, लाकडी टेबलावर काम करा आणि मधूनमधून नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा.

स्क्रूसाठी स्क्रूड्रायव्हरची पीएच०० आणि पीएच० ही दोन टोकं पुरतात. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. ८ मिलिमीटरचा स्क्रू ४ मिलिमीटरच्या भोकात गेला की तळहात टेकतो त्या भागातून टोक वर येतं.

थिंकपॅड टी४३० हे चांगलं उदाहरण आहे. २०१२चं मशीन, तिसऱ्या पिढीचा इंटेल, १६ जीबीपर्यंत रॅम घेतं, आणि आजही दुरुस्त करून विकलं जातं. डिस्क उजव्या बाजूला एका स्क्रूच्या झाकणामागे असते. झाकण काढलं की पट्टी धरून डिस्क सरळ बाहेर ओढायची, रबरी पट्ट्या काढून नव्या एसएसडीला चढवायच्या आणि कनेक्टर बसल्याचं जाणवेपर्यंत हळू आत सारायची. पाच मिनिटांचं काम. रॅमची मात्र गंमत आहे: एक स्लॉट खालच्या झाकणाखाली आणि दुसरा कीबोर्डखाली. खालचा एकच दिसल्यामुळे या मशीनला एकच पट्टी लागते असा अनेकांचा समज होतो. तळाशी कीबोर्डचं चिन्ह असलेले दोन स्क्रू काढा, उलटं करून कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने थोडा ढकला, पुढची कड उचला. केबल छोटी आहे, झटका देऊ नका. तिथेच एमसॅटाचा (छोट्या सॅटा एसएसडीचा) स्लॉटही सापडेल, पण तो सॅटा २ आहे. मुख्य एसएसडी डिस्कच्या कप्प्यातच ठेवा.

रॅम काढताना दोन्ही बाजूंच्या धातूच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी तशीच, साधारण ३० अंशांत, खाच जुळवून पूर्ण आत ढकला. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मगच खाली दाबा, दोन्ही चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येतो. दात दिसत असताना दाबून बसवलेली पट्टी हे लॅपटॉप सुरू न होण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

उघडलंच आहे तर पंख्याची धूळ काढा. फुंकर किंवा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

सुरू झालं नाही तर

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा अर्धा-एक मिनिट काळी स्क्रीन राहू शकते. लगेच बटण दाबू नका. त्यानंतरही काही नाही, किंवा बीप येत असतील, तर एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. दातांवर काळसरपणा असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा आणि भुगा झटका. चालू झालं तरी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तर ती पट्टी परत करा. खराब रॅम कधीतरी निळी स्क्रीन दाखवते, पण त्याहून वाईट म्हणजे गुपचूप फायली बिघडवते.

रॅम ठीक आणि ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश आला तर बायोसमध्ये जा: थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. तिथे एसएसडीचं नावच दिसत नसेल तर कनेक्टर नीट बसलेला नाही. नाव दिसतंय पण बूट होत नाही, तर जुनी विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत होती की नव्या यूईएफआय पद्धतीने, ते बघून तीच पद्धत ठेवा. एसरमध्ये एफ१२चा बूट मेन्यू मुळात बंद असतो, तो बायोसमधून चालू करावा लागतो. सॅटाचा मोड एएचसीआय हवा, आणि तो विंडोज टाकण्याआधीच ठरवा. नंतर बदलला तर निळी स्क्रीन येते.

२०१२च्या मध्यातल्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये अडचणीचं मूळ वेगळंच निघतं. नवी एसएसडी टाकल्यावर रंगीत चक्र आणखी फिरायला लागतं आणि लोक एसएसडी परत करतात. बहुतेक वेळा दोष डिस्कच्या चपट्या केबलचा असतो. ती धातूच्या कडेवरून घासली जाऊन खराब होते आणि जास्त वेगात चुका करू लागते. केबल बदला. या मशीनला ॲपल ८ जीबी सांगतं, पण १६ जीबी व्यवस्थित चालते. डिस्कच्या बाजूच्या चार खुंट्यांसाठी टी६ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो, तो आधी आणून ठेवा.

विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५पासून नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. त्यामुळे बँकेचं काम करणाऱ्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका असं मनापासून सांगावंसं वाटतं. ८ जीबी आणि एसएसडीवर ते छान धावतं आणि मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड त्यात मिळतात. ज्यांचं काम टॅलीवर किंवा जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरवर अडलंय त्यांनी विंडोज १० ठेवावं, पण बँकेचे व्यवहार दुसऱ्या मशीनवर करावेत.

विंडोजमध्ये शेवटी एकच गोष्ट तपासा: ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडून तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर विंडोज ट्रिम (पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचं एसएसडीला कळवणं) आपोआप करते. पेजफाइल बंद करा वगैरे जुने सल्ले मानू नका. एसएसडी ८५ टक्क्यांहून जास्त भरू देऊ नका, तेवढं पुरे.

निघालेली हार्ड डिस्क महिनाभर तशीच कपाटात ठेवा. काहीतरी राहिलं होतं हे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवतं. त्यानंतर ती यूएसबी ३च्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. सीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवण्यापेक्षा हे बरं, कारण कॅडीतली डिस्क बॅटरी खाते आणि आतली उष्णता वाढवते. विकायची असेल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे प्रत्येक जागेवर शून्य लिहिलं जातं. १ टीबीला तीन-चार तास लागतील, तेवढे द्या.